बोटं बाहेर

गौरी यायच्या दिवशी मयूर विहारच्या नव्या फ्लॅटमध्ये पावलं उमटवायचं काम पहिल्यांदाच कादंबरीकडे आलं. नऊ वर्षांची पोर. आईनं भिजवलेल्या तांदळाच्या पिठाची वाटी दिली, मूठ कशी टेकवायची, वर पाच ठिपके कसे द्यायचे ते दाखवलं आणि ती शेपूच्या भाजीकडे वळली. कादंबरी देवघरापासून निघाली ती पुढे पुढे सरकत, जिना उतरून थेट सोसायटीच्या फाटकाशी पोचली. मग इमारतीमागच्या नळावर हात धुवून घरी आली.

दारातच आईनं कपाळाला हात लावला. एकूण एक पावलाची बोटं बाहेर! "अगं, गौरीला आणतेयस की घालवतेयस?" ती हसली, आणि हसता हसता थांबली. "सुरुची कुठंय?"

सुरुची चार वर्षांची. गौरीच्या पावलावर पाऊल ठेवून चालायचं, हे तिला आईनंच सकाळी शिकवलं होतं.

आई गच्चीकडे धावली. कादंबरी पिठाची वाटी हातात तशीच धरून खाली पळाली. फाटकाशी तिचं शेवटचं पाऊल होतं. त्यापुढे ओल्या पिठाचे चिमुकले ठसे, खरेखुरे. ते शेजारच्या अर्धवट बांधलेल्या इमारतीकडे जात होते.

ती ठशांमागे धावली. दुसऱ्या मजल्यावर, कठडा नसलेल्या जिन्याच्या कडेला सुरुची उभी होती आणि वाकून खाली बघत होती. हाक मारली तर दचकेल, हे कादंबरीला कळलं. तिनं ओठ घट्ट मिटले आणि भिंतीला धरून एकेक पायरी चढत तिच्या चार पायऱ्या खाली थांबली.

"ताई, पाय खतम झाले," सुरुची म्हणाली.

"आहेत अजून. तिथंच थांब."

कादंबरी वाकली. मधल्या पायऱ्यांवर, भिंतीलगत, तिनं एकेक मूठ टेकवली. बोटं खाली, स्वतःकडे. मग शक्य तितक्या हळू विचारलं, "गौरी आली. कशाच्या पावलांनी आली?"

"सोन्याच्या."

"मग ये त्यावरून. भिंतीला हात लाव."

एक पाय. दुसरा. तिसऱ्या पायरीला पीठ ओलं होतं, टाच निसटली, आणि कादंबरीनं झेप घेऊन तिचा फ्रॉक मुठीत पकडला.

संध्याकाळी आईनं सगळी पावलं पुसली आणि वाटी पुन्हा कादंबरीच्याच हाती दिली. या वेळी तिनं फाटकापासून सुरुवात केली आणि प्रत्येक पावलाची बोटं दोनदा बघितली. काम एकाच हातानं चाललं होतं, म्हणून वेळ लागला. दुसऱ्या हातात सुरुचीचं मनगट होतं.