बॅटरी कशाने उतरली

अकरा वाजता पोचायचं, रस्ता चाळीस मिनिटांचा, आणि ती साडेआठलाच बाळाला घेऊन पिकअपपाशी उभी होती. वेळेआधी निघणं हा तिचा स्वभावच. नवरा म्हणायचा, हिला सोबत घेतलं की स्टेशन उघडायच्या आधी आपण फलाटावर.

बाळ आठ महिन्यांचं. त्याच्या कानांच्या तपासणीची तारीख सहा आठवड्यांनी मिळाली होती. आज चुकली तर पुन्हा सहा आठवडे. स्वयंपाकघरात एकदा हातातून कढईचं झाकण निसटलं होतं, तिच्या स्वतःच्या काळजात धस्स झालं आणि शेजारी झोपलेलं बाळ मात्र पापणीसुद्धा न हलवता झोपून राहिलं, तेव्हापासून तिचा डोळ्याला डोळा लागत नव्हता. त्याच्या पाठीमागे टाळ्या वाजवून तिचे तळहात लाल झाले होते. कधी तो वळायचा, कधी नाही.

तिने त्याची खुर्ची शेजारच्या सीटवर बांधली, पट्टा दोनदा ओढून पाहिला आणि किल्ली फिरवली.

टक्.

पुन्हा फिरवली. टक्. इंजिनाने हूं की चूं केलं नाही.

नवरा दूर बोगद्याच्या कामावर. दिवसभर तो डोंगराच्या पोटात, तिथे फोन लागत नाही. वसाहत नवी, डावीकडची चार घरं अजून कुलूपबंद, उजवीकडे नुसते खांब. तिने बॅटरीकाकांना फोन लावला. बाजाराच्या टोकाला त्यांचं दुकान होतं आणि पिकअपची बॅटरी त्यांनीच बसवलेली.

"रडू नको आधी," काका म्हणाले.

"मी रडत नाहीये."

"मग आवाज असा का येतोय? बरं, हेडलाइट लाव. लागला? आता समोर भिंतीवर बघत किल्ली फिरव. उजेड तसाच राहतो की मरतो?"

भिंतीवरचा पिवळा गोळा किल्ली फिरवताच विझत आला.

"मरतो."

"म्हणजे स्टार्टर ठीक आहे, बॅटरीत जीव नाही. बॉनेट उघड. तारा जिथे जोडल्यात तिथे काही साचलंय?"

पांढरट हिरवी भुकटी साचली होती. तिने बाळाला कडेवर घेतलं, सांगितल्याप्रमाणे कोमट पाण्यात खायचा सोडा घालून आणला आणि एका हाताने ओतला. भुकटी फसफसून वाहून गेली. तारांची टोकं पुसली, कोरडी केली, मग किल्ली. टक्.

"येतो," काका म्हणाले. "हलू नको तिथून." जणू ती कुठे पळून जाणार होती.

सव्वानऊला ते आले. साठीचे, पाठीत वाकलेले. बाळाकडे बघून म्हणाले, "हा साहेब आणि ही बॅटरी एकाच वयाची. हा बघ कसा टवटवीत, आणि ती मेली." मग मीटरच्या दोन काड्या बॅटरीला लावल्या. "अकरा पूर्णांक सहा व्होल्ट. साडेबारा हवेत. आठ महिन्यांत नवी बॅटरी अशी उतरत नाही पोरी. काही चालू राहिलं होतं का? आतला दिवा? दार उघडं?"

"नाही," ती म्हणाली.

चोराच्या मनात चांदणं. तिने पटकन बाळाची टोपी सारखी केली.

"किती चालवतेस?"

"ह्यांनी सांगितलंय तसं रविवारी पाच मिनिटं चालू करून ठेवते."

"पाच मिनिटांनी काय होतंय? चालू करायला जेवढी खर्च झाली तेवढीही भरून येत नाही." पण त्यांचं समाधान झालं नव्हतं. त्यांनी स्वतःच्या गाडीची बॅटरी आणि हिची बॅटरी वायरींनी जोडली. लाल ते लाल, काळी इंजिनाच्या लोखंडाला. "मार आता."

इंजिन धडधडलं. तिचा जीव भांड्यात पडला. काकांनी पुन्हा मीटर लावला, "चौदा. चार्जिंग व्यवस्थित आहे," असं म्हणाले आणि गाडी बंद करायला लावली.

"बंद कशाला? काका, मला निघायचंय!"

"आणि दवाखान्यापाशी बंद केलीस नि पुन्हा लागली नाही तर? तान्ह्याला घेऊन कुठे बसशील? बॅटरी चांगली, चार्जिंग चांगलं, मग वीज जाते कुठे? कुठेतरी गळती आहे. एकेक फ्यूज काढून बघतो. दीड तास धर. तपासणी काय, पुढच्या वेळी."

त्यांनी मीटर लावला, पहिला फ्यूज काढला, आकडा बघितला, मान हलवली. दुसरा काढला. दहा वाजत आले. तिसरा. हा म्हातारा साप साप म्हणून भुई धोपटतोय, आणि साप आपल्याला ठाऊक आहे, हे तिला सहन होईना.

"काका, गळती नाहीये."

"तुला काय माहीत?"

"मी बसते आत."

"कुठे?"

"ह्यात. दुपारी, बाळ झोपलं की. घरात आवाज केला तर कधीकधी उठतो, म्हणून इथे काचा लावून रेडिओ लावते. उकडतं म्हणून पंखापण. इंजिन बंद ठेवून. खिडकीतून पाळणा दिसतो."

"किती वेळ?"

"अर्धा तास." काका बघत राहिले. "दोन तास."

"रोज?"

"रोज नाही." मग तिने मान खाली घातली. "रोज. दुपारी दोघं निवेदक असतात, एकमेकांची उणीदुणी काढत बसतात. मी मधूनमधून त्यांना उत्तरं देते. मोठ्याने. दुसरं कोणी दिवसभर बोलतच नाही हो."

सांगून झाल्यावर तिला वाटलं, आता हे बाजारभर होणार: बोगद्यावाल्याची बायको बंद गाडीत बसून रेडिओशी भांडते.

काकांनी तिन्ही फ्यूज जागच्या जागी बसवले. "आधी सांगितलं असतंस तर माझं कंबरडं वाचलं असतं," एवढंच म्हणाले. वायरी पुन्हा जोडल्या, इंजिन चालू झालं. "चाळीस मिनिटं चालली की परतीपुरती भरेल. वाटेत कुठे बंद करू नको. आणि उद्यापासून चालवत ऐक, बसून नको. निघ."

अकराला सात मिनिटं कमी असताना ती पोचली.

तपासणीची खोली जाड भिंतींची होती. बाळ तिच्या मांडीवर. तपासणाऱ्या बाई काचेपलीकडून एकेका बाजूने आवाज सोडत होत्या. "तुम्ही मान हलवू नका," बाईंनी दोनदा बजावलं, कारण प्रत्येक आवाजाला बाळाआधी तीच वळत होती. डावीकडून आवाज आला, बाळ वळलं. पुन्हा वळलं. उजवीकडून आला, बाळ तिच्या साडीची पिन चिवडत राहिलं.

"डावा उत्तम आहे," बाई म्हणाल्या. "उजव्याबद्दल आज सांगता येत नाही. महिन्याने पुन्हा बघू. घाबरू नका."

घाबरू नका म्हटलं की माणूस घाबरायचं थांबतो थोडंच? बाहेर येऊन तिने नवऱ्याला फोन लावला. डोंगराने उचलला नाही. सासूबाईंना सांगितलं तर त्या आधी आपल्या घराण्यात असं कोणी नव्हतं म्हणतील. पिकअपमध्ये बसून तिने किल्ली फिरवली. एका झटक्यात लागली. हे मात्र कोणाला तरी कळवायलाच हवं होतं.

"काका, लागली गाडी."

"लागणारच. साहेबांचं काय?"

तिने बाळाचा पट्टा पुन्हा एकदा ओढून पाहिला. पलीकडे दुकानात कोणीतरी ठोकत होतं. काका त्याला ओरडले, "थांब रे जरा."

"डावा चांगला आहे. उजव्याचं नक्की नाही."

"हं. तो बसतो कुठे गाडीत?"

"माझ्या शेजारी. डाव्या हाताला."

"तोंड पुढे की मागे?"

"मागे. लहान आहे ना."

काका मनात हिशेब करत असावेत. "मग चांगला कान तुझ्याकडेच येतो," ते म्हणाले. "दोन्ही हात स्टिअरिंगवर ठेव आणि बोलत बोलत ये."