ठकुबाईंची कानडी

पहिला दगड कौल फोडून आला तो थेट वरणाच्या पातेल्यात पडला. कढत वरण हेमलताच्या मनगटावर उडालं आणि ती किंचाळली. दुसरा खिडकीच्या गजावर आपटून उमाकांतच्या ताटात आला. रविवारची दुपार, पंगतीला सातजण, सगळे विशी-पंचविशीतले. हातातला घास तसाच धरून दाराकडे बघत राहण्यापलीकडे एकालाही काही सुचेना.

ठकुबाई भाताचं भांडं घेऊन स्वयंपाकघराच्या दारात उभ्या होत्या. तिथून त्यांना रस्ता दिसत होता. पन्नास-साठ माणसं फाटकाशी आली होती. कुणाच्या हातात काठी, कुणाच्या हातात सायकलची चेन, आणि पुढच्या चारपाच जणांकडे सोडावॉटरच्या बाटल्या. भांडं खाली आपटून त्या जिवाच्या आकांतानं ओरडल्या, “उठा! उठा! अरे उठा!”

सातहीजण उठले आणि मागच्या दारानं पेरूच्या बागेत पळाले. त्या हाकेनं सातजण वाचले हे कुणीही कबूल करील. घोटाळा झाला तो आठव्याचा.

भिंगारदिवे गुरुजी आणि ठकुबाई मूळचे अहमदनगरचे. गुरुजी मिशनच्या शाळेतून निवृत्त झाले, मुलं आपापल्या संसाराला लागली, आणि आता अंगणात खाट टाकून पडायचं सोडून या दोघांनी नगरच्या ख्रिस्ती मंडळीकडे सेवेसाठी नाव दिलं. मंडळीनं त्यांना दोन वर्षांसाठी बंगळूरला धाडलं. काम एवढंच, की इथल्या कारखान्यांत आणि दवाखान्यांत नोकरीला आलेल्या एकट्या पोरापोरींना दर रविवारी घरचं जेवू घालायचं. धर्माचं बोलणं कुणी विचारलं तरच. ठकुबाईंनी बासष्टाव्या वर्षी पहिल्यांदा जिल्ह्याबाहेर पाऊल टाकलं, दोम्मलूरच्या कौलारू घरात चूल मांडली आणि गुरुजींकडून थोरल्या लेकीला पत्र लिहवून घेतलं, की आम्ही परदेशी सुखरूप पोचलो.

या परदेशाची भाषा मात्र त्यांच्या जिभेवर काही केल्या चढेना. वर्षभरात आला तो एकच शब्द. कानडीत जेवणाला ‘ऊट’ म्हणतात. आपल्या कानाला ते ‘ऊटा’ असं ऐकू येतं. पानं मांडली की ठकुबाई दारात येऊन मोठ्या अभिमानानं तोच शब्द पुकारत, पण नगरी जिभेवर त्याचा हटकून ‘उठा’ व्हायचा. पोरं चेष्टा करत, “आई, बसायचं का उठायचं, एकदा नक्की सांगा.” ठकुबाई म्हणत, “आरं, मी गुरुराजला बोलावतीय. तुम्हाला बोलवायला तुमच्या पोटातले कावळे हायेत की.”

गुरुराज त्या पंगतीतला एकटा कानडी. नंजनगूडचा, विमान कारखान्यात फिटर. उमाकांतनं त्याला आठ महिन्यांपूर्वी आणलं आणि मग तो एकही रविवार चुकला नाही. त्या वाकड्या शब्दाला तो कधी हसला नाही. परमुलखातली एक म्हातारी आपल्यासाठी आपली भाषा बोलू बघते याचं त्याला फार अप्रूप होतं. हाक आली की तो पहिला येऊन खिडकीखालच्या आपल्या जागी बसायचा.

त्या रविवारी तो जादा पाळी करून उशिरा आला होता. न्हाणीचं दार लावून, नळ पुरता सोडून तो हातांचं काळं वंगण घासत होता. कौलं फुटली ती त्याला ऐकू आली नाहीत. हाक ऐकू आली. त्यानं नळ बंद केला, हात पुसले आणि लगबगीनं येऊन तो खिडकीखाली बसला.

ठकुबाई आतल्या खोलीतून गुरुजींना खांद्याला धरून आणत होत्या. त्यांनी पाहिलं तर हा पोरगा अर्धवट टाकलेल्या ताटांकडे बुचकळ्यात पडून बघतोय.

“अम्मा, बाकी लोक कुठं?” तो म्हणाला.

तेवढ्यात खिडकीतून बाटली आली. ती समोरच्या भिंतीवर फुटली आणि काचा त्याच्या तोंडावर उडाल्या. गुरुराजनं दोन्ही हात डोळ्यांवर नेले. बोटांमधून रक्त मनगटांवर, मनगटांवरून समोरच्या पांढऱ्या भातावर सांडलं. मग दार मोडलं.

सीमेचा वाद त्या वर्षी पुन्हा पेटला होता. मुंबईत कानडी माणसांची हॉटेलं फोडल्याची बातमी शनिवारी आली होती, आणि तिचा सूड घ्यायला या लोकांना दारावर मराठी पाटी असलेलं हे घर सापडलं होतं. ‘रविवारचं जेवण, सर्वांना’ असं त्या पाटीवर गुरुजींच्या वळणदार अक्षरात होतं. एकानं ती उपटली आणि तिच्याच फळीनं गुरुजींच्या खांद्यावर घाव घातला. हाड मोडल्याचा आवाज ठकुबाईंनी ऐकला. दुसऱ्या घावाला त्या मध्ये पडल्या, तर चेन त्यांच्या पाठीवर बसली. त्यांनी शिवी दिली. आयुष्यात पहिल्यांदा दिली, आणि ती चांगली नगरी शिवी होती. कपाट आडवं झालं, पिठाचे डबे फुटले, कुणीतरी रॉकेलचा डबा शोधत होतं.

“अय्यो, कण्णु! अम्मा, नन्न कण्णु!” गुरुराज कोपऱ्यातून विव्हळला. माझा डोळा, म्हणत होता.

फळीवाल्याचा हात वरच राहिला. तो वळला, पोराजवळ बसला, त्याचे हात बाजूला करून त्यानं तोंड पाहिलं.

“नम्म हुडुगा,” तो म्हणाला. आपला पोरगा आहे.

मघाशी बाटली फेकणाऱ्यानं कमरेचा पंचा सोडून गुरुराजच्या डोक्याला बांधला. दुसरा जटका, तिकडचा टांगा, आणायला धावला. ज्यांनी डोळा फोडला त्यांनीच त्याला उचलून दवाखान्यात पोचवलं. जाताना एकजण भाताचं उलटं भांडं उगाच सरळ करून गेला. ठकुबाईंना त्यांचा राग येत होता, आणि तो कुणावर काढावा ते कळत नव्हतं.

संध्याकाळी पोलीस आले. जबानी घेणारा अंमलदार हुबळीचा होता, त्याला मराठी येत होतं.

“लिवा,” ठकुबाई म्हणाल्या. “पोरगं न्हाणीत सुखरूप होतं. मी हाक मारून त्याला मरणात बसवलं.”

“बाई, तुमच्या हाकेनं काच फुटली का?”

“काच कुणी का फोडंना. त्याला काचेसमोर कुणी आणलं ते लिवा.”

अंमलदारानं ते लिहिलं नाही. गुरुजींनीही, खांदा जखडून पडल्या पडल्या, तेच सांगितलं, की यात तुझा दोष नाही. ठकुबाईंना हे पटण्यासारखं नव्हतं. मुलांना निजवतानासुद्धा त्या कधी बागुलबुवाचं खोटं बोलल्या नव्हत्या. केलं ते ज्याचं केलं त्याच्यासमोर बोलायचं, एवढाच त्यांचा धर्म होता, आणि ते बोलल्याशिवाय त्यांना घास गिळवत नव्हता.

आठवड्यानं नगरहून पत्र आलं. काम बंद करा, गुरुवारच्या गाडीनं परत या. ठकुबाईंनी हेमलताला गाठलं. गुरुराज होता त्याच सरकारी दवाखान्यात ती नर्सिंग शिकत होती, मनगटावर अजून फोड होते.

“माझी चूक झाली, हे कानडीत कसं म्हणायचं गं?”

“नन्न तप्पु.”

बुधवारी सकाळी दवाखान्याच्या वाटेवर ठकुबाई तेच दोन शब्द घोकत गेल्या. या खेपेला वाकडा उच्चार होऊन चालणार नव्हता.

वॉर्डाच्या दारात हेमलतानं त्यांचा हात धरला. “आई, थांबा. त्याचे वडील आलेत. उजवा डोळा काढलाय. डावा वाचेल म्हणतात, पण दोन्हींवर पट्टी आहे, मान हलवायची नाही.”

“मग मी बापापुढंच बोलते.”

“ते फार सोवळ्यातले आहेत. गुरुराजनं त्यांना सांगितलंय, मी रस्त्यानं जात होतो, दगड लागला. आठ महिने ख्रिस्ती घरात जेवला हे कळलं तर ते त्याला घरात घेणार नाहीत. थोरल्यानं जातीबाहेर लग्न केलं तर त्याचं जिवंतपणी श्राद्ध घातलंय त्यांनी. आई, एका डोळ्यानं कारखान्यात कोण ठेवील त्याला? त्याला आता घरच आहे.”

ठकुबाई दाराच्या चौकटीला टेकून उभ्या राहिल्या. मनात आलं, परत फिरावं. पण उद्याची गाडी होती, आणि पोराला बघितल्याशिवाय पाय निघेना. त्या आत गेल्या.

खाटेजवळच्या स्टुलावर एक वाळका, उघडा, जानवं घातलेला म्हातारा बसला होता. लेकाचं पाऊल त्यानं मांडीवर घेतलं होतं आणि अंगठ्यानं तळवा चोळत होता. त्यानं वर पाहिलं. नऊवारी लुगडं, मोकळं कपाळ, ओळख लागेना.

“यारम्मा नीनु?” त्यानं विचारलं. कोण गं तू?

ठकुबाईंच्या तोंडात वाक्य तयार होतं. “नन्न...” त्या म्हणाल्या.

आवाज ऐकताच गुरुराज ताठरला. चादरीवरची त्याची बोटं आवळली गेली, आणि बापाच्या हातात पाऊल थरथरलं. ठकुबाईंनी ते पाहिलं. दुसरा शब्द त्यांनी गिळला.

“आया,” त्या म्हणाल्या. एवढा एक शब्द दोन्ही भाषांत सारखाच होता.

म्हाताऱ्यानं मान हलवली आणि खाटेखाली बोट दाखवलं. लेकाचं मलपात्र भरलं होतं. सकाळपासून कुणी फिरकलं नाही, असं काहीसं तो कुरकुरला. ठकुबाई गुडघ्यांवर हात देत वाकल्या. त्यांचा पदर लागू नये म्हणून त्यानं पाय वर घेतले. त्यांनी भांडं ओढून पदराआड धरलं, बाहेर मोरीवर नेलं, फिनेल घालून घासलं, पुन्हा घासलं आणि आणून आवाज न करता खाटेखाली सरकवलं.

त्या निघणार तेवढ्यात पलीकडच्या खाटेवरून हाक आली, “आया, इल्लि.” इकडे ये. म्हातारा बघत होता. ठकुबाईंनी त्या रोग्याचंही भांडं उचललं. मग त्याच्या पुढच्याचं. चेन बसलेली पाठ प्रत्येक वाकण्याला ठणकत होती. दारात हेमलता तोंडावर हात धरून उभी होती, तिला त्यांनी डोळ्यांनीच गप्प केलं. अशी त्या बाईनं खिडकीपर्यंतची सगळी रांग धुतली.

त्यांची अनवाणी पावलं जिकडे जात तिकडे गुरुराजचा पट्टी बांधलेला चेहरा उशीवर हळूहळू वळत होता. बाप दोन्ही हातांनी त्याची मान सरळ करत होता, डॉक्टरांनी काय सांगितलंय म्हणून दटावत होता, आणि मान पुन्हा वळत होती.