सतराव्या सामन्यातला कोट

मी एक जुना लोकरी कोट आहे. वाल्दोरा फुटबॉल क्लबच्या इमारतीत, जिन्याशेजारच्या काचेच्या कपाटात राहतो. वर्षातून दोनदा मला ताज्या डांबरगोळ्या मिळतात. मित्रांनो, या गावात माझ्याइतकी काळजी कुणाचीच घेतली जात नाही, आणि तीच माझी तक्रार आहे.

माझा जन्म पादोव्यातल्या एका शिंप्याकडे झाला. ओत्तोरिनो ब्रेस्सानला प्रशिक्षकाची पहिली नोकरी लागली, तेव्हा त्याच्या बायकोने, देल्फीनाने, शिंप्याला बजावलं, "कापड जाड घ्या. हा माणूस थंडीत दोन दोन तास उभा राहून ओरडणार आहे." अस्तर मात्र तिने स्वतः शिवलं, कारण शिंप्याच्या टाक्यांवर तिचा विश्वास नव्हता. माझं काम एकच होतं, ओत्तोरिनोला ऊब द्यायची.

बावीस वर्षांत आम्ही नऊ क्लब पाहिले आणि दहा वेळा नारळ घेतला. आमच्याकडची रीतच तशी आहे. अख्ख्या संघाला काढता येत नाही, म्हणून एका माणसाला काढतात. त्याचा करार मात्र हंगामभर चालू राहतो. मग नवा माणूस नापास झाला की जुन्यालाच परत बोलावतात, आणि तोही लाज गिळून जातो. देल्फीनाने तर खोक्यांतून बशा काढणंच सोडून दिलं होतं. "दोन पुरेत," ती म्हणायची, "पाहुण्यांना बोलवायच्या आत आपलीच निघायची वेळ येते."

वाल्दोरातही तेच झालं. क्लबचा अध्यक्ष एवारिस्तो झानोत्ती हा फरशांच्या कारखान्याचा मालक. नोव्हेंबरात त्याने ओत्तोरिनोला आयुष्यातला अकरावा नारळ दिला, आणि आम्हाला ते न्हाव्याच्या दुकानात कळलं. जानेवारीच्या शेवटी संघ घसरल्यावर त्याच झानोत्तीचा फोन आला, "मिस्टर, झालं गेलं नदीला मिळालं. या परत." प्रशिक्षकाला आमच्याकडे सगळे 'मिस्टर'च म्हणतात. हंगामाचे सतरा सामने उरले होते.

पहिल्या सामन्याला दाट धुकं होतं. ओत्तोरिनो मला घालून उभा राहिला आणि संघ जिंकला. पुढच्या रविवारीही जिंकला. तिसऱ्या रविवारी ऊन पडलं म्हणून त्याने मला बाकावर काढून ठेवलं, तर लगेच गोल बसला. त्याने घाईघाईने मला चढवलं, आणि बरोबरी झाली. कावळा बसायला आणि फांदी तुटायला एकच गाठ! पण आमच्या लोकांना हे कोण सांगणार? शववाहिनी दिसली की अपशकुन टळावा म्हणून लोखंडाला हात लावणारी माणसं ही. त्या दिवसापासून कोट काढायचा नाही आणि धुवायचाही नाही, असं ठरून गेलं.

खोटं कशाला बोलू, मलाही ते आवडत होतं. बेकरीवाली इदा रोज माझी बाही चाचपायची. ओत्तोरिनोने दोन सुस्त बचावपटू बाहेर बसवले होते आणि सरावाची सगळी पद्धत बदलली होती, पण ते कुणाच्या ध्यानातही आलं नाही. सगळं श्रेय मला मिळालं. वाईट हे, की हळूहळू ओत्तोरिनोलाही तसंच वाटू लागलं.

सोळा सामन्यांत एकही हार झाली नाही. सतरावा जिंकला तर संघ वरच्या श्रेणीत जाणार होता. पण आमच्याकडे सतरा हा आकडाच अशुभ, आणि त्यात जूनचा पहिला रविवार, डांबर मऊ करणारं ऊन. एप्रिलमध्येच ओत्तोरिनोच्या छातीत कळ येऊन गेली होती. उन्हात कोट घालायचा नाही, असं डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं होतं.

त्या सकाळी देल्फीनाने मला पेटीत घालून कुलूप लावलं. "आज सदऱ्यावर जा, ओत्तोरी. हरलास तर हरलास."

ही बातमी कशी फुटली देव जाणे. चर्च सुटलं आणि सगळं गाव आमच्या खिडकीखाली जमलं.

"सिन्योरा, कोट टाका खाली!" इदा ओरडली. "आम्ही काय तुमचा नवरा मागतोय?"

"तोच मागताय!" देल्फीना वरून म्हणाली.

झानोत्ती मोटारीतून उतरला. "एका दुपारचा तर प्रश्न आहे, बाई. मेणाचा आहे का तुमचा माणूस? आणि हरलो तर उद्या सामान आवरा. बशा खोक्यातच असतील ना अजून?"

लोक खदाखदा हसले. ओत्तोरिनोने बायकोकडे न बघता हात पुढे केला. "किल्ली दे. बाराव्यांदा नाही, देल्फीना. या वयात नाही."

तिने किल्ली दिली.

मैदानात आमच्या बाकावर सावलीचा तुकडा नव्हता. अर्ध्या वेळेपर्यंत माझं अस्तर त्याच्या पाठीला चिकटलं. मला पातळ होता आलं असतं तर झालो असतो, पण लोकरीला ऊब देण्यापलीकडे काही येत नाही. सत्तराव्या मिनिटाला त्याने वरचं बटण सोडलं.

"बटण! ए मिस्टर, बटण लाव!" प्रेक्षकांतून शिट्ट्या सुरू झाल्या. त्याच्या बोटांना ते जमेना, म्हणून सामान सांभाळणाऱ्या म्हाताऱ्या नेल्लोने ते लावून दिलं. मीही ते घट्ट धरून ठेवलं.

त्र्याऐंशीव्या मिनिटाला आमचा गोल झाला. सगळे मैदानात धावले. ओत्तोरिनो खाली बसला आणि कलंडला. आत त्याचं काळीज कसं धडपडत होतं, ते मला एकट्याला ठाऊक आहे.

त्याला वारा लागावा म्हणून नेल्लोने मला काढलं. रुग्णवाहिका एकीकडे गेली, आणि सामना जिंकून संपल्यावर मी दुसरीकडे, मिरवणुकीच्या गाडीवर, झेंड्याच्या काठीला अडकवलेला. इदाने माझ्या बाहीचा मुका घेतला. "बाई गं, केवढा ओला! आनंदाने रडलाय बिचारा," ती म्हणाली. तो ओत्तोरिनोचा घाम होता.

तो वाचला, पण उजवी बाजू लुळी पडली. जुलैत 'प्रकृतीच्या कारणास्तव' बारावा नारळ आला. गरज सरो, वैद्य मरो. मला हे कपाट मिळालं. खालच्या पितळी पाटीवर लिहिलंय, 'विजयाचा कोट'. त्यात ओत्तोरिनोचं नाव नाही.

गेल्या आठवड्यात धुक्यातून दोघं इथे आली. त्याच्या अंगात पातळ रेनकोट होता.

"यंदा थंडी फार आहे, अध्यक्षसाहेब," देल्फीना म्हणाली. "याच्या अंगात ऊब म्हणून राहत नाही. तेवढा कोट द्या. मार्चमध्ये धुऊन परत आणते."

"धुऊन?" झानोत्ती दचकला. "सिन्योरा, तो क्लबचा आहे. आणि हंगाम चालू आहे." एवढं बोलून त्याने ओत्तोरिनोच्या लुळ्या हाताकडे पाहिलं, आणि हळूच जिन्याच्या लोखंडी कठड्याला हात लावला.

ओत्तोरिनोला ते दिसलं. त्याने डावा हात काचेवर ठेवला, माझ्या वरच्या बटणासमोर.

मित्रांनो, जुन्या वस्तू जपा, असं सांगायला मी बोलत नाही. मला कसर लागली तरी चालेल. तुमच्यापैकी कुणी इकडे आलंच, तर ही काच फोडा आणि मला नदीकाठच्या पिवळ्या घरात नेऊन द्या. दुसरा मजला, दारावर ब्रेस्सान लिहिलंय. जरा लवकर करा. अजून अख्खा फेब्रुवारी काढायचाय त्याला.