पाच मिनिटांचं काम

"बाई, आधी त्या बाहेरच्या डब्याचे कपडे उतरवा," एसी दुरुस्त करायला आलेले पाचमिनिटे म्हणाले, "मग आतल्याकडून उबेची अपेक्षा करा."

बाई म्हणजे निवृत्त मुख्याध्यापिका. आयुष्यभर दुसऱ्यांच्या चुका काढलेल्या. स्वतःची निघाली की त्यांना लगेच राग येई. "अहो, उघड्यावर असतं ते. वाऱ्यापावसात खराब होईल म्हणून चांगलं प्लॅस्टिक गुंडाळलं. त्यात काय चुकलं?"

"तिथंच सगळे फसतात. उन्हाळ्यात हे आतली गरमी बाहेर फेकतं. हिवाळ्यात उलटं. बाहेरच्या हवेत जी काय चिमूटभर ऊब असेल ती गोळा करून आत आणतं. तुम्ही त्याचं नाकतोंडच बांधून ठेवलंत, तर ते बिचारं आणणार कुठून?"

त्यांनी प्लॅस्टिक सोडलं, जाळीत अडकलेला पाचोळा काढला, मऊ ब्रशने पत्र्याच्या पात्या झाडल्या. आतल्या जाळ्या नळाखाली धुऊन सुकत ठेवल्याच होत्या. त्या बसवून रिमोटवर सूर्याचं चित्र आणलं आणि नेहमीचं पालुपद ऐकवलं, "मध्येच पाच मिनिटं थांबेल. बिघडलं म्हणून मला फोन करायचा नाही. बाहेरच्या डब्यावर साचलेला बर्फ वितळवतं आणि आपलं आपण सुरू होतं."

पाचमिनिटे हे काही त्यांचं खरं आडनाव नव्हे. ते त्यांना बायकोने दिलं होतं. लग्न होऊन महिना झाला नसेल तेव्हा 'पाच मिनिटांत आलो' म्हणून सकाळी बाहेर पडलेले हे गृहस्थ दिवेलागणीला उगवले. ती दारातच हात जोडून म्हणाली, "या, पाचमिनिटे, या!" शेजारणीने ते ऐकलं आणि चार दिवसांत गल्लीभर झालं. पुढे गिऱ्हाइकंही तेच नाव वापरू लागली. पाचमिनिट्यांनी ते कधी मनावर घेतलं नाही.

ते हत्यारं पिशवीत भरत होते तेवढ्यात फोन वाजला. लेकीचा होता, हॉस्पिटलमधून.

"बाबा, आईला तीन वाजता सोडतायत."

"बरं वाटतंय म्हणून?" उत्तर ठाऊक असूनही त्यांनी विचारलं.

"नाही बाबा. घरी न्या म्हणाले. खोली गरम ठेवा म्हणालेत. तिला थंडी अजिबात सोसत नाहीये. बाबा, आपलं मशीन..."

"करतो. पाच मिनिटांचं काम आहे."

पलीकडून फोन बंद झाला.

गेले तीन हिवाळे पाचमिनिट्यांच्या घरचं यंत्र गार हवा फेकत होतं. उन्हाळ्यात अगदी शहाण्यासारखं चालायचं. थंडी पडली की रुसायचं. "साऱ्या गावाला ऊब आणि आमच्या घरात हुडहुडी," बायको म्हणायची. "दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच." ती स्वतःचा स्वेटर घालायची, त्यावर यांचा जुना करडा, आणि कणीक मळताना दोन्हींच्या बाह्या एकदम वर सरकवायची. पाचमिनिट्यांना वाटे, गॅसची दिशा बदलणारा व्हॉल्व्ह अडकला असणार. ते काम मोठं, दिवस मोडणारं. हंगामात गिऱ्हाइकं सोडून घरचं कोण करत बसणार? हंगाम संपेपर्यंत थंडीही संपायची. तिला मात्र ते दर वेळी सांगायचे, करतो गं, पाच मिनिटांचं तर काम आहे.

आजार थंडीने झाला नव्हता. डॉक्टरांनी ते स्पष्ट सांगितलं होतं. पाचमिनिट्यांनी ते त्यांना दोनदा विचारून घेतलं होतं.

वाटेत दुकानातून नवा व्हॉल्व्ह घेऊन ते घरी पोचले तेव्हा एक वाजत होता. जाळ्या धुतल्या. बोटभर धुळीची लव निघाली. मग यंत्रातला गॅस काढायची तयारी करून ते स्वयंपाकघराच्या मागच्या बोळात गेले. या बोळात त्यांचं येणं उन्हाळ्यातच व्हायचं, तेही वर्षातून एखाद्या वेळी. हिवाळ्यात इकडे फक्त तीच यायची, कपडे वाळत घालायला.

बाहेरचा डबा नखशिखान्त पांघरलेला होता.

लेक लहान असतानाचं फुलाफुलांचं पांघरूण होतं ते. डब्याच्या मापाने कापून चारी कोपरे शिवलेले, खालून दुमड घातलेली, वारा शिरायला जागा म्हणून ठेवली नव्हती. वरून पांढरी सुती दोरी बांधली होती. दर उन्हाळ्यात ती हे काढून धुऊन ठेवत असणार आणि पहिली थंडी पडली की पुन्हा चढवत असणार. बिचारं बाहेर कुडकुडतं म्हणून.

पाचमिनिट्यांना काही तपासायची गरज पडली नाही. सकाळीच त्यांनी बाईंना सगळं समजावून सांगितलं होतं. गेली वीस वर्षं ते दारोदार हेच समजावत होते. घरी मात्र त्यांनी ते कधी सांगितलं नव्हतं.

त्यांनी दोरीचं टोक ओढलं. गाठ एका ओढीत सुटली.

यंत्र सुरू केलं. बाहेरचा पंखा घुमला, आत थोड्या वेळाने भिंतीवरून उबदार वारा खाली उतरला. सवयीने त्यांनी घड्याळ पाहिलं. बोळात पाऊल टाकल्यापासून पाच मिनिटं झाली होती.

ते मागच्या पायरीवर बसले, पांघरूण मांडीवर घेतलं आणि रडले. नवा व्हॉल्व्ह खोक्यातून बाहेरसुद्धा आला नव्हता.

साडेतीनला तिला आणलं. दोघांनी उचलून पलंगावर ठेवलं, तिचं वजन काही वाटलंच नाही. तिने डोळे उघडून इकडेतिकडे पाहिलं.

"अगं, हे कुणाच्या घरी आणलंस मला?"

"आपल्याच, आई."

"मग एवढं गरम कसं?"

लेक हसली आणि पाणी आणायचं निमित्त करून आत गेली. पाचमिनिटे पलंगाशी बसले. सगळं खरं सांगायचं असं त्यांनी ठरवलं होतं. पायरीवर बसून वाक्यसुद्धा जुळवलं होतं.

"काय झालं होतं हो त्याला?" तिने विचारलं.

वाक्य तोंडाशी आलं. पण त्यात तिच्या हातचं शिवण होतं, तिची दोरी होती. खरं सांगितलं तर, तीन वर्षं आपण आपल्याच हाताने गारठलो, हे तिला आता, या पलंगावर कळलं असतं. आणि खरं बोलायचं तर, त्यांना धीरही झाला नाही.

"व्हॉल्व्ह गेला होता. बदलला."

"बघू."

पिशवीत कुणाच्या तरी यंत्रातला जुना, काळवंडलेला व्हॉल्व्ह होता. त्यांनी तो तिच्या तळहातावर ठेवला. तिने बोटांनी चाचपला.

"एवढासा! आणि तीन वर्षं छळलं मेल्याने. मिळत नव्हता होय पार्ट?"

"मिळत नव्हता."

"तरी मी म्हणायची, काहीतरी कारण असणार. नाहीतर बायको कुडकुडते आणि माणूस ढिम्म, असं कसं होईल?" ती दम घेण्यासाठी थांबली. "मी तुम्हाला नाही नाही ते बोलले. मनात ठेवू नका हं."

पाचमिनिट्यांनी मान हलवली. उद्या सांगू, त्यांनी मनाशी म्हटलं. जरा विसावा घेऊ दे तिला, मग सांगू.

"आणि बाहेरच्या डब्यावर पांघरूण घातलंत ना परत?"

"घातलं."

"सुरगाठच मारलीत ना? निरगाठ नका मारू. मी मुद्दाम सुरगाठ मारते. म्हटलं, कधीतरी हे उघडायला येतील, येतील तेव्हा घाईत असतील. एका ओढीत सुटलं पाहिजे."

त्यांनी तिचे पाय पांघरुणात नीट झाकले. खरं तर ते झाकलेलेच होते.

तेवढ्यात भिंतीवरचा वारा थांबला. खोलीत एकदम शांत झालं. तिच्या भुवया आक्रसल्या. "बंद पडलं?"

"नाही गं. पाच मिनिटं थांबतं. परत सुरू होईल."

"पाचमिनिटे," ती डोळे मिटूनच म्हणाली आणि ओठांच्या कोपऱ्यात हसली.

ती नऊ दिवस होती. नऊ दिवसांत पाचमिनिट्यांनी एकही काम घेतलं नाही आणि खोली एकदाही गार होऊ दिली नाही. मुख्याध्यापिकाबाईंचा फोन आला, मशीन छान चाललंय म्हणून सांगायला. तोही लेकीनेच घेतला. बायको रोज पांघरुणाचं विचारायची, ते रोज घातलं म्हणायचे. खरं सांगायचं रोज ठरवायचे. शेवटच्या दुपारी ती फक्त बोटं हलवत होती, तेव्हा त्यांनी तिच्या कानाशी वाकून ते सांगितलं, सगळं, पहिल्यापासून. तिला ऐकू गेलं की नाही, कोण जाणे.

माणसं येऊन गेली. घर रिकामं झालं. थंडी अजून महिनाभर राहणार होती.

एका सकाळी पाचमिनिट्यांनी यंत्र बंद केलं. फुलाफुलांचं पांघरूण घेऊन मागच्या बोळात गेले आणि बाहेरच्या डब्यावर चढवलं. कोपरे ओढून नीट बसवले, खालची दुमड घातली, वारा शिरायला जागा ठेवली नाही. दोरी बांधली. पहिल्यांदा हाताच्या सवयीने निरगाठच बसली. ती नखाने सोडवून त्यांनी पुन्हा बांधली.

आत लेक हातावर हात चोळत उभी होती. "बाबा, किती गार झालंय. मशीन का बंद केलंत?"

"व्हॉल्व्ह गेलाय," ते म्हणाले.

लेकीने स्वयंपाकघराच्या खिडकीतून मागच्या बोळात पाहिलं. बराच वेळ पाहिलं. मग कपाटातून तो जुना करडा स्वेटर आणला, त्याच्या वर सरकवलेल्या बाह्या सरळ केल्या आणि त्यांच्या खांद्यांवर टाकला.