यिपबाईंची तोंडी परीक्षा

उतरताना ड्रायव्हरला थँक यू म्हणायचं. उतरणारा दारू पिऊन झिंगलेला असो की नुकताच बायकोशी भांडून आलेला असो, म्हणायचंच. स्टोनलो गाव ते मार्केट वेल्डन अशी ही इंग्लंडच्या डोंगरातली छोटी बस मी कित्येक वर्षं चालवतेय, आणि थँक यू न म्हणता उतरलेलं माणूस मी एकच पाहिलं. यिपबाई.

बाई तेव्हा हाँगकाँगहून लेकीकडे नुकत्याच आल्या होत्या. साठीच्या आसपासच्या, चणीने एवढ्याशा, केस घट्ट बांधलेले. बाजाराच्या थांब्यावर त्या गपकन उतरल्या आणि चालायला लागल्या. सगळी बस गप्प. आमच्याकडे गप्प बसणं म्हणजे बोंब मारण्यासारखंच आहे. मागून हॅरल्ड म्हणाला, "घसा बसला असेल बिचारीचा."

हॅरल्ड ऑलरेनशॉ जन्मभर डोंगरावर दगडी भिंती रचत आला. चुना नाही, सिमेंट नाही, दगडावर दगड. बोलणंही तसंच, मध्ये काही भरायचं नाही. त्याच्या पुढच्या सीटवर बेरिल फर्निस. तिच्या जिभेला हाड नाही, पण हाताला चव आहे, म्हणून सगळं माफ. दुसऱ्या दिवशी बेरिलने यिपबाईंना शेजारी बसवून घेतलं आणि त्या दिवसापासून माझ्या बसची शाळा झाली.

गरजही होती. बाईंची लेक-जावई नोकरीवाले, नातू कॉलेजात. काही वर्षांनी सगळ्यांना इथे कायमचं राहायची परवानगी मिळणार, पण बाईंना त्यासाठी इंग्रजी बोलण्याची परीक्षा द्यावी लागणार होती. "पास नाही, तर ते सगळे इथे, मी एकटी तिथे," बाईंनी बोटाने हवेत रेघ मारून दाखवली. तिथे आता त्यांचं कुणीच उरलं नव्हतं. नवरा तर केव्हाच गेला होता, आणि बाकीची दोन मुलं दुसऱ्याच देशांत.

बाहेर पाऊस भुरभुरत होता. बेरिल म्हणाली, "काय छान दिवस आहे नाही!"

बाईंनी काचेतून बघितलं. "नाही. पाऊस आहे."

"डोळे शाबूत आहेत बाईंचे," हॅरल्ड.

"तुम्ही गप्प बसा हो! यिपबाई, हवेबद्दल कुणी काही म्हटलं ना, की हो म्हणायचं. हवा कशी आहे हे कुणाला हवंय? आपलं भांडण नाही, एवढंच कळवायचं असतं."

बाईंनी मान डोलावली. मग बेरिलने त्यांच्या निळ्या कोटाची तारीफ केली. कोट होताही देखणा, शिलाई अशी की बघत राहावं. बाई खूश झाल्या. "हो. फार चांगला. मी शिवला. दुकानात असा मिळत नाही."

झालं! हॅरल्ड एकदम खिडकीबाहेरच्या मेंढ्या मोजायला लागला. मलाही आरशात बघवेना. आपणच आपली टिमकी वाजवायची, तीही भरदिवसा, बसमध्ये!

बेरिलने हळूच त्यांच्या गुडघ्यावर हात ठेवला. "असं नाही म्हणायचं, बाई. म्हणायचं, 'हा होय? जुनाच आहे.'"

"पण नवा आहे."

"असू दे. जुनाच म्हणायचं."

आणि कुणी कशा आहात विचारलं, तर 'तक्रार नाही' म्हणायचं. हे मात्र मीच शिकवलं. खोटं कशाला बोलू, आमच्या माणसांचं हे मला फार आवडतं. आपलं ओझं दुसऱ्याच्या मांडीवर टाकायचं नाही. हॅरल्डची एडना गेली, तिला पुरलं, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी तो नेहमीच्या थांब्यावर उभा. मी विचारलं, "कसं काय, हॅरल्ड?" तर म्हणाला, "तक्रार नाही. वारा आहे जरा." असा माणूस! त्याला सलाम करावासा वाटला मला. केला मात्र नाही. आम्ही करत नाही.

यिपबाई भराभर शिकल्या. कुणाचा पाय त्यांच्या पायावर पडला तर त्याच सॉरी म्हणायच्या. थांब्यावर एकट्या असल्या तरी रांगेत उभं राहावं तशा उभ्या राहायच्या. एका हिवाळ्यात बर्फावरून घसरून मनगट मोडलं, कोपरापर्यंत प्लास्टर, आणि बसमध्ये चढून म्हणतात काय, "काही नाही हो, जरासं खरचटलंय. तुमचा गुडघा कसा आहे, बेरिल?" अभिमानाने ऊर भरून आला माझा. हॅरल्डने टोपी मागे सरकवली. "टिकेल ही," तो म्हणाला. असं तो आजवर एक-दोन भिंतींबद्दलच बोललाय.

चार वर्षांनी परीक्षेचा दिवस आला. मँचेस्टरची गाडी गाठून द्यायला मी बस अशी हाणली की मेंढ्या पळाल्या. बेरिलने फडक्यात बांधून जॅमचा टार्ट दिला. "निम्मी बस शिकवणारी असल्यावर नापास कशा होतील?" ती म्हणत होती.

बाई नापास झाल्या.

आठवड्याने चढल्या, नेहमीच्या जागी बसल्या आणि म्हणाल्या, "निकाल आला. नाही झालं. हवा बरी आहे आज." चेहरा पांढराफटक. मी पुढच्या वळणावर बस बाजूला घेतली.

"काय विचारलं त्याने? सगळं सांगा."

बाई सांगायला लागल्या. परीक्षक फार सभ्य माणूस होता म्हणे. त्याने विचारलं, तुम्ही काय काम करत होता? त्या म्हणाल्या, थोडंफार शिवणकाम. त्यात तुम्ही चांगल्या होता का? छे, विशेष काही नाही. मुलं किती? तीन. त्यांना वाढवताना काही अडचणी आल्या? तक्रार नाही. परक्या देशात येऊन राहणं अवघड गेलं का? तसं काही नाही, सगळे फार चांगले आहेत. मग तो गप्प बसला. बाईही गप्प बसल्या.

"गप्प? का?" बेरिल किंचाळली.

"तो हवेबद्दल बोलेल म्हणून थांबले," बाई म्हणाल्या. "त्याने लिहिलंय, उमेदवार फार कमी बोलली."

परीक्षकाला बिचाऱ्याला ऐकायचं होतं बाईंचं इंग्रजी, आणि आम्ही बाईंना शिकवलं होतं तोंडात मिठाची गुळणी धरायला. बाईंनी सगळं अगदी आमच्यासारखं केलं होतं. आमच्यापैकी कुणीही त्या खुर्चीत बसलं असतं तर असंच नापास झालं असतं.

"आपण बुडवलं हिला," हॅरल्ड म्हणाला.

एकदा आणखी बसता येणार होतं, पण परवानगीच्या अर्जाची मुदत जवळ आली होती. मी अख्खी रात्र तळमळले. सकाळी बसचं दार उघडलं आणि पायरीवरच बेरिलला अडवलं. "स्वतःबद्दल एक चांगली गोष्ट सांग. त्याशिवाय चढायचं नाही."

"अगं मॅक्सीन, वेड लागलं का तुला? लोक ऐकतायत!"

"ऐकू देत. यिपबाईंना कळायला नको, कसं बोलतात ते?"

बेरिल लालबुंद. "माझी पेस्ट्री... म्हणजे... अगदीच वाईट होत नाही."

"हे नाही चालणार. उतर खाली."

"बरं बाई, बरं! या खोऱ्यात माझ्यासारखी पेस्ट्री कुणालाही जमत नाही!" एवढं बोलून तिने तोंडावर हात ठेवला. मग हळूच हात काढून म्हणाली, "आणि खरंच आहे ते."

त्यानंतर रोज तोच तमाशा. आपली पाठ आपण थोपटायची म्हणजे आमच्या लोकांना मरणच. पण बाईंसाठी करायचं म्हटल्यावर केलं एकेकाने. मीसुद्धा सांगितलं, की बर्फातला तो शेवटचा चढ माझ्यासारखा चढवणारा ड्रायव्हर या भागात दुसरा नाही. कान तापले माझे. बाई सगळं टिपून घेतल्यासारखं ऐकायच्या आणि मग आपलं सांगायच्या, पहिल्यांदा चाचरत, मग जरा जोरात. हॅरल्ड तेवढा रोज हूं करून आत जायचा. त्याला अडवायची माझी छाती झाली नाही.

एका सकाळी यिपबाईच मागे वळल्या आणि परीक्षकासारख्या ताठ बसल्या. "मिस्टर ऑलरेनशॉ, तुम्ही काय चांगलं करता?"

"भिंती."

"चांगल्या?"

"पडत नाहीत."

"आणखी काय?"

हॅरल्डने टोपी काढून गुडघ्यावर ठेवली. आता हा चिडणार, असं मला वाटलं.

"एडनाला सांभाळलं मी," तो म्हणाला. "सहा वर्षं. शेवटी ती मला ओळखायची नाही. कोण हा म्हातारा, म्हणायची. पण तिला केस स्वच्छ लागायचे, तर दर रविवारी मी धुवायचो. साबण डोळ्यात जाऊ द्यायचो नाही. कुणी केलं नसतं, एवढं चांगलं केलं मी ते."

बेरिलचा हुंदका ऐकू आला. आमच्यापैकी कुणी काही बोललं असतं तर 'अरेरे' म्हटलं असतं, नाहीतर चहाचं विचारलं असतं. यिपबाई सरळ त्याच्याकडे बघून म्हणाल्या, "हो. फार चांगलं केलंत तुम्ही."

हॅरल्डने मान डोलावली. 'विशेष काही नाही' असं न म्हणता. तो माणूस मला त्या दिवशी डोंगराएवढा वाटला, आणि आज मी ते बोलूनही दाखवतेय.

दुसऱ्या परीक्षेचा निकाल आला त्या सकाळी बाई पायरीवर उभ्या राहिल्या. नेहमी हळू बोलणारी बाई, आज पार मागच्या सीटपर्यंत ऐकू जाईल असं म्हणाली, "मी पास!"

काय गोंधळ झाला म्हणून सांगू! बेरिलने त्यांना मिठीत घेतलं, कोपऱ्यातल्या अनोळखी प्रवाशानेसुद्धा टाळ्या वाजवल्या. मी बस उभीच ठेवली. वेल्डनवाले थांबतील पाच मिनिटं.

"काय काय सांगितलंत त्याला? अक्षर न अक्षर सांगा," बेरिल म्हणाली.

"मी म्हटलं, आमच्या रस्त्यावर सगळ्यात चांगली शिवणारी मी. मोठमोठे लोक माझ्याकडे यायचे. नवरा गेल्यावर तीन मुलं एका मशीनवर वाढवली. मी चांगली आई आहे."

"शाबास!" मी म्हटलं. "मग?"

"मग त्याने तेच विचारलं. परक्या देशात सगळ्यात अवघड काय?" बाईंनी पर्स छातीशी घट्ट धरली. "मी म्हटलं, सकाळ. लेक जाते, जावई जातो, नातू जातो. घरात आवाज नाही. मी कप धुते, आणि सिंकपाशी उभी राहून रडते. रोज. चार वर्षं. मग तोंड धुते, कारण बस येते."

बेरिलचे हात तसेच त्यांच्या खांद्यांवर राहिले. चार वर्षं रोज सकाळी मी दार उघडून विचारत होते, कशा आहात, आणि बाई हसून सांगत होत्या, तक्रार नाही. ते उत्तर मीच शिकवलं होतं त्यांना, आणि किती छान म्हणतात म्हणून खूश होत होते.

"आम्हाला का नाही सांगितलंत हो?" बेरिलने विचारलं.

"तुम्ही कुणीच सांगत नव्हता," यिपबाई म्हणाल्या. "मला वाटलं, इथे फक्त मीच रडते."

मागे हॅरल्ड खिडकीबाहेर बघत होता.

"नाही," तो म्हणाला. "मीही. तिथेच, सिंकपाशी."

यिपबाई बेरिलच्या मिठीतून सुटल्या आणि मागे त्याच्या शेजारी जाऊन बसल्या. मी दार लावलं आणि बस सुरू केली.