माझ्या डोळ्यांनी बघलंय

"बाय गे, आज साडी बदललंस?"

डॉक्टर पट्टी सोडून पुढच्या खोलीत गेले, तेवढ्यात गोकुळदासने मला विचारलं. डिचोलीतल्या मोतीबिंदूच्या शिबिरात मी आया. आम्हां आयांना साड्या निळ्याच.

"नाय. कालच्याच रंगाची."

"खोटा कित्याक बोलतंस? काल हिरवी होती. माझ्या डोळ्यांनी बघलंय."

हेच वाक्य! बारा वर्षांपूर्वी खाणीवरच्या चौकशीत या वॉचमनने हेच म्हटलं होतं. भरदुपारी ट्रकची बॅटरी चोरून पळणारा माणूस त्याने पाठमोरा पाहिला, अंगात हिरवा शर्ट. ड्रायव्हरांचा गणवेश निळा, वर्कशॉपवाल्यांचा हिरवा, आणि त्या पाळीला वर्कशॉपचा एकटाच माणूस होता: माझा नवरा रघुनाथ. नोकरी गेली. आमच्या सर्वण गावात पोरंटोरंसुद्धा 'बॅटरीचोर' म्हणायची. तिसऱ्या वर्षी तो गेला.

केसपेपरवर 'गोकुळदास, इब्रामपूर' वाचल्यापासून दोन दिवस मी दातओठ खात त्याला चहा देत होते. कोणाचे तरी पैसे खाऊन मेल्याने खोटी साक्ष दिली, असंच मी धरून चालले होते.

"काका, ऑपरेशनचो डोळो झाका. आता साडी कसली?"

"हिरवी."

"आता दुसरो झाका."

"निळी." तो हसला. मग त्याने पुन्हा एक डोळा झाकला, पुन्हा दुसरा. "देवा! मगे खरा खयच्या डोळ्याचा?"

"खरा काय ता माझ्या घोवाक ठाऊक होता. रघुनाथ फिटराक. त्याका कोणी इचारूकच नाय."

नाव ऐकून त्याचा हात खाली आला. बराच वेळ तो माझ्या साडीकडे बघत राहिला.

"बाय, मी खोटा नाय सांगलंय. माका हिरवोच दिसललो. देवाशपथ."

माझा विश्वास बसला, आणि त्याचाच संताप आला. खोटारड्याला शिव्याशाप देता येतात. याने तर दिसलं तसं सांगितलं होतं आणि माझं घर बुडवलं होतं. बारा वर्षं जपलेले शाप आता कोणाला देऊ?

त्याचे डोळे भरून आले.

ऑपरेशन झालेल्या माणसाला रडू द्यायचं नसतं, टाक्यांवर ताण येतो. ते सांगायचं काम आम्हां आयांचंच.

मी ते सांगितलं नाही. स्टूल ओढलं आणि त्याच्यासमोर बसले.