ठिणगीचा गुडघा

ताईनं नकली ठिणगीचं मुंडकं एका झटक्यात उपटलं आणि टेबलावर आपटलं. ते गडगडत कानशींच्या डब्याला जाऊन अडलं आणि तिथून तिच्याकडेच बघत राहिलं. मोठाले जांभळे डोळे, बुबुळात तीन पांढरे ठिपके. दोन ठिपके सगळेच काढतात. तिसरा फक्त रंगारी काढायचा, इथं कामाला होता तेव्हा.

"हे डोळे बघ आणि सांग मला, कुणाचे आहेत."

धाकट्यानं मान वर केली नाही. तो खिडकीपाशी बसून सिलिकोनच्या साच्यातून एक इवलासा हात सोडवत होता.

"डोळे काय, कुणालाही काढता येतात," तो म्हणाला.

"तुला येतात?"

"मला कुठले. मी साचेवाला."

ठिणगी ही एका गाजलेल्या जपानी ॲनिमे मालिकेतली पोर. हातात तुटकी तलवार, केस वाऱ्यावर, एका पायावर उभी, दुसरा मागे उचललेला, आता झेप घेणार अशी. मालिकेत ती क्षणभरच तशी दिसते, पण ताईनं नेमका तोच क्षण धरला होता. आधी मातीत, मग घासूनपुसून पक्क्या नमुन्यात, मग प्रत्येक सांधा वेगळा कापून, म्हणजे हात फिरावा, कंबर वळावी, गुडघा वाकावा. वीतभर उंचीच्या त्या पोरीपायी ताईची मान कायमची अवघडली. मालिकेच्या कंपनीनं परवानगी दिली ती या एकाच बाहुलीची, आणि तिच्यावरच दोघा भावंडांचा कारखाना उभा होता. कारखाना कसला, घराचा मागचा हॉल.

आणि काल एक गिऱ्हाईक हे ध्यान घेऊन दारात उभं राहिलं. "ही तुमची नवी आवृत्ती का हो? आधीपेक्षा छान जमलीय." त्यानं बापड्यानं कौतुकानंच विचारलं. ताईच्या तळपायाची आग मस्तकात गेली. बाजारात नकली माल येतो, येऊ दे, हा धंदाच तसला. पण नकलेला कुणी छान म्हणावं? तेही तिच्या तोंडावर?

चोर कोण, यावर तिनं रात्रभर विचार केला असं नाही. विचार करायला होतं काय? रंगारी गेल्या वर्षी दार आपटून गेला होता. त्यानं रंगवलेले चेहरे आवडले नाहीत म्हणून ताईनं सगळ्यांदेखत थिनरचा बोळा घेऊन ते पुसून काढले होते. "तुझ्या हाताखाली माणूस टिकायचा नाही," असं म्हणून तो गेला, तो गेलाच. त्याचा राग, त्याचे डोळे, त्याची माहिती. एक घाव दोन तुकडे. आज सकाळी तिनं त्याला फोन लावला आणि तोंडाला येईल ते बोलली. चोर म्हणाली. खाल्ल्या घरचे वासे मोजणारा म्हणाली.

"ताई, मोजून तरी बघ," एवढंच म्हणून त्यानं फोन ठेवला.

त्यानंतर तिनं कंपनीतल्या मॅडमना कळवलं. मॅडम म्हणाल्या, दुपारी फोन करते, नाव पक्कं सांगा, पुढचं आम्ही बघतो. पुढचं म्हणजे काय ते या धंद्यात सगळ्यांना ठाऊक होतं. कंपनीच्या काळ्या यादीत नाव चढलं की त्या माणसाला कुणी ब्रश धरायला देत नाही, रंगाची डबी उघडायलासुद्धा नाही.

"मोजून बघ म्हणे," ताई आता पुटपुटली. "चोराच्या उलट्या बोंबा."

"कोण म्हणालं मोजायला?" धाकट्यानं विचारलं.

"तोच. दुसरं कोण."

"राहू दे ना मग. नक्कलच आहे, मोजायचं काय त्यात."

खरं तर मोजायचं तेच पहिलं असतं. नवीन येणाऱ्या प्रत्येकाला ताई हेच शिकवायची. विकत घेतलेल्या बाहुलीवरून कुणी साचा काढला, की त्यातून निघणारी बाहुली जरा लहान भरते. साच्यात ओतलेलं रेझिन सुकताना आकसतं. डोळ्याला कळत नाही, पण केसाएवढं माप घेणाऱ्या कॅलिपरला कळतं. नकलेची नक्कल आणखी लहान. म्हणून नकली माल कुठून आला हे मापच सांगतं, माणसाला विचारायची गरज पडत नाही. एवढं सगळं शिकवणारी बाई कालपासून डोक्यात राख घालून बसली होती आणि तिनं कॅलिपरला हातही लावला नव्हता.

तिनं खणातून कॅलिपर काढला. रंगाऱ्याच्या तोंडावर फेकायला एक आकडा हवा, एवढ्याच हेतूनं. आपली ठिणगी कपाटावरून उतरवली, नकलीच्या शेजारी ठेवली. आधी आपलीची कंबर मोजली, मग नकलीची.

मग पुन्हा आपलीची.

दंड मोजला. तलवारीची मूठ मोजली. पाऊल मोजलं. केसाचाही फरक नव्हता. ही बाहुली बाहुलीवरून काढलेली नव्हतीच. ती थेट मूळ नमुन्यावरून निघाली होती, आणि मूळ नमुना या हॉलमधल्या लोखंडी कपाटात होता. रंगाऱ्यानं तो आयुष्यात पाहिला नव्हता. त्याला फक्त रंगवायचे सुटे भाग मिळायचे.

आणि ते डोळे? कामाचा रेटा वाढला तेव्हा रंगाऱ्यानंच डोळ्यांचे छापे करून ठेवले होते, पाण्यात भिजवून चिकटवायचे. उरलेले अजून खालच्या खणात पडून होते. किंवा असायला हवे होते. ताईनं तो खण उघडला नाही.

तिनं नकलीचा गुडघा बोटात धरून वाकवला. तिच्या ठिणगीचा गुडघा नाजूक होता. आतली खुंटी काडीएवढी, सगळं अंग त्या एका पायावर, त्यामुळे सोबत एक पारदर्शक टेकू द्यावा लागायचा. टेकू असूनही गुडघे मोडायचे. धाकटा दोन वर्षं मागे लागला होता, ताई, खुंटी जाड कर, सांधा जरा खाली घे. आणि ताई दरवेळी म्हणायची, पोरीचा गुडघा आहे तो, मुसळ नाही.

या गुडघ्यात खुंटी जाड होती. सांधा जरा खाली घेतला होता. रेषा बिघडू नये म्हणून वाटीच्या मागच्या बाजूनं हलकेच घासलं होतं, अशा हातानं, की जो हात धरून ती धाकट्याला लहानपणी शाळेत न्यायची.

तिनं बिनमुंडक्याची ठिणगी टेबलावर एका पायावर ठेवली आणि बोटं काढून घेतली. टेकू नाही, काही नाही. ती आता पडेल म्हणून ताई बघत राहिली. ती पडली नाही.

खिडकीपाशी साच्याचा चरचर आवाज थांबला होता.

"कपाटाची तुझी किल्ली दे इकडे," ताई म्हणाली.

धाकट्यानं किल्ली काढून टेबलावर ठेवली. नाही म्हणाला नाही, कशाला विचारलं नाही.

"दोन वर्षं घसा फोडून सांगत होतो," तो म्हणाला. "मोडके पाय परत यायचे. पाकिटं मी उघडायचो, तू नाही. लोक तुझ्या हाताची तारीफ करायचे आणि मला शिव्या द्यायचे, की साचा कच्चा आहे म्हणून."

"म्हणून चोरी केलीस."

"चोरी नाही केली. मला बघायचं होतं, उभी राहते का."

"दुकानात जाऊन उभी राहिली ती."

"आधी चारच केल्या होत्या. दुकानदाराला दाखवल्या. तो म्हणाला, आणखी दे."

"आणि तू दिल्यास."

"दिल्या."

आपलेच दात, आपलेच ओठ. कुणाला सांगायची सोय नाही. पण ताईला दुखत होतं ते तिथंही नव्हतं. संताप येत होता तो दुसऱ्याच गोष्टीचा.

"सकाळी मी त्याला चोर म्हणत होते," ती अगदी हळू म्हणाली, "तेव्हा तू कुठे होतास?"

धाकट्यानं टेबलावरची किल्ली उगाच सरळ केली.

"इथंच होतास. साचा धूत होतास. मी एका माणसाची लाज काढत होते आणि तू साचा धूत होतास. नळ तरी बंद करायचास."

"मला वाटलं, तुझा राग शांत होईल."

"माझा राग तू आज बघतोयस का?"

टेबलावरचा फोन वाजला. कंपनीतल्या मॅडम. ताईनं तो दोनदा वाजू दिला. या हॉलमधलं नाव सांगितलं तर परवानगी जाणार, ठिणगी जाणार, कपाट रिकामं होणार. न सांगावं, तर रंगारी जाणार. तो जावा असा सगळा बंदोबस्त तिनं स्वतःच करून ठेवला होता.

तिनं फोन उचलला.

"हो, मीच बोलतेय. रंगाऱ्याचं नाव दिलं होतं, ते काढून टाका. चूक माझी. मी मोजायच्या आधी बोलले." ती थांबली. "हो, आता मोजलंय."

पलीकडून मॅडमनी काहीतरी विचारलं. ताईनं फोन कानापासून काढला आणि धाकट्यापुढे धरला.

"नाव विचारतायत."

धाकट्याच्या हातावर सिलिकोनचे पापुद्रे चिकटले होते. त्यानं ते पँटला पुसले, फोन घेतला, आणि कानाला लावण्याआधी त्यावर तळवा दाबून धरला.

"ताई, गुडघा बघितलास?"

"बघितला."

"मग?"

ताईनं कानशींच्या डब्यापाशी पडलेलं मुंडकं उचललं आणि एका पायावर उभ्या असलेल्या ठिणगीच्या मानेवर नीट बसवलं.

"चांगला झालाय," ती म्हणाली. "आता बोल."